शंभरापैकी नऊ

दौंडला शंकररावांच्या गच्चीवर त्या रविवारी कुरडयांचा घाट होता. वैशाखात करुणेचं लग्न, आणि रुखवतात विकतच्या कुरडया मांडायच्या म्हणजे चांगुणाबाईंच्या मते चारचौघांत नाक कापून घ्यायचं. चीक शिजला होता, प्लास्टिकचा कागद अंथरला होता, करुणा सोऱ्या दाबत होती आणि शंकरराव टॉवेल हलवत कावळे हाकत होते.

"गोल घाल की गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "ही कुरडई हाय का गांडूळ?"

शंकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची दौंडात एक ख्याती होती. सोयरिकीच्या बैठकीत कुणी पत्रिकेचा विषय काढला की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. "बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती कुंडल्या जुळवायला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळं शिरूरच्या नागसेन गुरुजींचं स्थळ आलं तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. गुरुजींनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "हुंडा नको, पत्रिका नको, मानपान नको. मुलगी विचारांची हवी." मुलगा आयुष पुण्यात प्रोग्रामर. करुणाही प्रोग्रामर, घरी बसूनच एका छोट्या कंपनीचं काम करायची, दुकानांची बिलं आणि माल सांभाळणारे प्रोग्रॅम लिहायची. म्हणजे सोन्याहून पिवळं.

करुणेचा फोन कठड्यावर ठेवला होता. तो एकदा वाजला, दोनदा वाजला, मग वाजतच सुटला. तिचे हात चिकानं माखलेले, म्हणून शंकररावांनी उचलला आणि चष्मा लावून वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा टॉवेल हलायचा थांबला.

"करुणा," ते म्हणाले, "शंभरात तेवीस म्हंजी नापासच ना गं?"

प्रकार असा होता. प्रोग्रामर मंडळींची एक सार्वजनिक वेबसाइट असते. तिथं ज्याचं त्याचं खातं, त्यात लिहिलेला कोड, कुणीही यावं आणि बघावं. तिच्या जोरावर आता कुणा टवाळानं दुसऱ्या वेबसाइटचं नवं खूळ काढलं होतं. प्रोग्रामरचं नाव टाकायचं, की मशीन त्याचं खातं चाळतं, शंभरापैकी गुण देतं आणि खाली आठ-दहा ओळींत त्याची यथेच्छ टिंगल करतं. ऑफिसातली पोरं डबा खाताना एकमेकांवर हे चालवतात आणि हसतात. हसू देत बापडे. मित्रानं मित्राची टोपी उडवली तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण आयुषनं करुणेचं नाव टाकलं, तेवीस गुण आले, आणि त्या दीडशहाण्यानं ते उचलून शिरूरच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. सोबत स्वतःचेही टाकले, एक्क्याऐंशी. लग्न ठरल्यापासून करुणाही त्या ग्रुपवर होती, हे तो विसरला असेल किंवा त्याला काही वाटलं नसेल. थोरांना कळावं म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीनं, तेजश्रीनं, सगळ्याचं मराठी करून दिलं होतं.

'ही मुलगी दहा घरं बांधायला काढते आणि एकावरही छप्पर घालत नाही. रात्री दोनला जागी असते, कशासाठी ते कोडवरून कळत नाही. दुसऱ्यांच्या घरात दुरुस्त्या करत हिंडते, स्वतःच्या घरात जळमटं.'

खरं काय होतं? करुणेचं खरं काम कंपनीच्या कुलपात होतं, ते बाहेर दिसायचंच नाही. बाहेर होती ती कॉलेजातली धडपड. रात्री दोनचं कारण एवढंच, की दिवसा ती शिकवण्या घ्यायची. आणि दुसऱ्यांच्या घरातल्या दुरुस्त्या म्हणजे अनोळखी लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका तिनं फुकट सुधारून दिल्या होत्या. त्या धंद्यात याला पुण्य म्हणतात. पण शिरूरच्या बैठकीत हे कोण सांगणार? तिथं बयाबाई आत्यांचा आवाजी निरोप येऊन पडलाही होता. बयाबाई म्हणजे नागसेन गुरुजींची थोरली बहीण, घरात शेवटचा शब्द तिचा.

"पोरगी रातची जागती म्हनं. आन् दुसऱ्याच्या घरात दुरुस्त्या करत फिरती. आपल्या घरात काय दिवं लावनार? नीट इचारून घ्या रं."

करुणेनं हात धुतले आणि आयुषला फोन लावला.

"अगं गंमत आहे ती," आयुष म्हणाला. "आम्ही रोज करतो. माझ्या बॉसला चौतीस आले होते, आम्ही जाम हसलो."

"ऑफिसात कर ना. घरच्या ग्रुपवर कशाला टाकलंस?"

"तू काय काम करतेस ते त्यांना कळावं म्हणून."

"मग कळलं त्यांना?"

तो म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस. थोडं हसायला शिक."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडं ज्याच्या पाठीत काठी बसते त्यालाच हसायला शिकवतात. काठी मारणाऱ्याला कुणी काही शिकवत नाही.

पुढच्या आठवड्यात नागसेन गुरुजींचा शंकररावांना फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. "शंकरराव, मुलीला थोडं मनावर घ्यायला सांगा. आयुष एक्क्याऐंशी आहे. जोडा शोभला पाहिजे. आमचा काही आग्रह नाही, पण घरात बायका बोलतात." बायका बोलतात. पुरुषाला लाज वाटली की तो बायकांच्या पदराआड जातो, त्यातलाच हा प्रकार.

शंकरराव दोन दिवस विहारात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरी मोडली आणि ताटाकडं बघतच म्हणाले, "त्ये गुण वाढवता येत्यात का गं?"

"येतात," करुणा म्हणाली. "पण ते गुणच नाहीत आबा. चेष्टा आहे ती."

"व्हय. पन तुझ्या हातातलं हाय ना? मग वाढव की."

चांगुणाबाईंनी उलथणं तव्यावर आपटलं. "जवा माझ्या भनीचं लगीन ठरत हुतं तवा तुमी भटजीची कुंडली फाडून चुलीत घातली. सबंध आळी बघाया आली हुती. आन् आता फोनमधल्या कुंडलीला भ्याला व्हय?"

"ती अंधश्रद्धा हुती. ह्ये कंप्युटरचं हाय," शंकरराव म्हणाले. आवाजात दम नव्हता.

"चुलीत जात न्हाई येवढाच फरक हाय," चांगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

आई खरं बोलते हे करुणेला कळत होतं. पण बाप जेवताना वर बघत नाही, हेही तिला दिसत होतं. हॉल ठरला होता, लग्नपत्रिका छापायला गेल्या होत्या, भावकीत आमंत्रणं सुरू झाली होती. अशा वेळी शहाणी पोरगी जे करते तेच तिनं केलं. खाली मान घातली आणि मार्ग काढला.

मार्ग सोपा होता. तिनं एका दुपारी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्या प्रोग्रॅमनं तिच्या खात्यात मागच्या वर्षभराच्या रोजच्या कामाच्या नोंदी करून टाकल्या. आत काम शून्य, बाहेर मात्र काम केलेल्या दिवसाला पडणारी हिरवीगार चौकट, तीही रोज, जणू ही बाई वर्षभर जेवायलासुद्धा उठली नाही. चार-पाच रिकाम्या प्रकल्पांना भारदस्त इंग्रजी नावं दिली. मग स्वतःच त्या गुण देणाऱ्या वेबसाइटवर जाऊन स्वतःचं नाव टाकलं. अठ्ठ्याऐंशी. खाली ओळ होती: 'ही बाई माणूस आहे की कारखाना?'

तिनं ते शिरूरच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथं दिवाळी झाली. गुरुजींनी पेढे वाटले. बयाबाई आत्यांनी निरोप पाठवला, "पोरीनं लईच मनावर घेतलं. सुदारली." शंकरराव पुन्हा विहारात जाऊ लागले आणि जाताना इस्त्रीचा सदरा घालू लागले. करुणेला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. हे असंच वाटतं. जाचातून पळवाट सापडली की माणसाला वाटतं जाच संपला. तो संपत नसतो. तुम्ही त्याला खाऊ घालून शेजारच्या दारात पाठवलेलं असतं.

नागसेन गुरुजी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे प्रमुख. दरवर्षी शिरूरला एका मंगल कार्यालयात मेळावा भरायचा. मुलंमुली व्यासपीठावर येऊन माइकवर नाव, गाव, शिक्षण, नोकरी सांगायची. यंदा गुरुजींनी त्यात भर घातली. कार्यालयात मोठा पडदा लावला, तेजश्रीला लॅपटॉप घेऊन बसवलं आणि उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं, "बंधुभगिनींनो, छत्तीस गुणांची पत्रिका आपण नाकारली, कारण ती थोतांड होती. पण मुलाची-मुलीची पारख तर हवी. कॉम्प्युटर शिकलेल्या आपल्या लेकरांची पारख आता विज्ञान करणार आहे. आमच्या घरी याचा अनुभव आम्ही घेतला आहे." टाळ्या पडल्या. शंकरराव पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनीही वाजवल्या. चांगुणाबाईंनी हात पदराखाली ठेवले. करुणा आयुषच्या शेजारी बसली होती. तेव्हाच उठायला हवं होतं. ती उठली नाही.

यवतचा ज्ञानेश नावाचा मुलगा पहिला आला. त्याला चौसष्ट मिळाले. दोन-चार थट्टेच्या ओळी आल्या, लोक हसले, तोही हसला आणि ऐटीत खाली गेला.

मग पाटसची अनिता. बीसीए नुकतीच झालेली, आकाशी रंगाचा पंजाबी ड्रेस, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. तिचे वडील मच्छिंद्र टेम्पो चालवायचे. ते तिसऱ्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसले होते. मुलीनं माइकवर नाव, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, "नोकरी शोधतेय" म्हणाली. तेजश्रीनं तिचं नाव टाकलं. पडद्यावर गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि आकडा उमटला. नऊ.

तेजश्री मराठी करून वाचू लागली, आणि वाचताना तिलाच हसू आवरेना. "'हिचं खातं उघडलं तेव्हा मला वाटलं माझं नेट बंद पडलं. हिनं आजवर एकच काम केलं आहे, स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहिण्याचं, आणि त्यातही चूक सापडली. या वेगानं ही पहिला प्रोग्रॅम पूर्ण करेल तेव्हा हिची नातवंडं निवृत्त झालेली असतील.'"

कार्यालय हसलं. हसू म्हणजे केवढं, मागच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. कुणीतरी ओरडलं, "नऊ गुणांत नांदायची कशी?" त्यावर आणखी हशा. अनिता माइक धरून तशीच उभी. खाली उतरावं की थांबावं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मच्छिंद्र, तिचा बाप, तोही हसत होता. एवढ्या मोठ्या माणसांत आपण एकट्यानंच न हसणं उद्धटपणाचं दिसेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. त्याचे दात दिसत होते आणि डोळे लेकीवरून हटत नव्हते.

करुणेनं शेजारी बघितलं. आयुष गुडघ्यावर थाप मारून हसत होता.

"हरकत नाही बेटा," गुरुजी अनिताला म्हणाले. "प्रयत्न केला की होतं. आमच्या सूनबाईंचंच बघ. तेवीसवरून अठ्ठ्याऐंशी, तेही महिन्याच्या आत. करुणा, ये गं. हिला दोन शब्द सांग."

अनिता खाली गेली. करुणा वर गेली. माइक हातात घेतला तेव्हा त्याची दांडी घामानं ओली होती, आणि तो घाम तिचा नव्हता. तिथं तिचं डोकं फिरलं.

"माझे अठ्ठ्याऐंशी खोटे आहेत," ती म्हणाली.

कार्यालयात चुळबुळ झाली.

"मी एका दुपारी बसून ते बनवले. वर्षभराच्या कामाच्या नोंदी मशीनकडून लिहून घेतल्या. आत काहीही नाही, रिकामी पोती आहेत. तुमचं विज्ञान त्याला फसलं आणि तुम्ही त्यावर पेढे वाटलेत. तेवीस गुण होते तेव्हा मी जी होते, तीच मी आज आहे. त्यात लबाडी तेवढी वाढली आहे."

"करुणा, बाळ," गुरुजी घाईनं म्हणाले, "हा विषय घरी बोलू आपण."

"घरातलाच होता, गुरुजी. इथं तुम्ही आणलात. हे मशीन लोकांना हसवायला बनवलंय. आपण चेष्टा करतो हे त्याच्या वेबसाइटवर पहिल्याच ओळीत लिहिलंय. म्हणजे त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही. पत्रिका टाकली म्हणून आपण छाती पुढं काढून फिरतो. पत्रिका टाकली, पण माणूस तराजूत घालायची खोड टाकली का? पोरीला चालून दाखव म्हणत होते, केस सोडून दाखव म्हणत होते. आता खातं उघडून दाखव म्हणता. त्या मुलीनं प्रोग्रॅम शिकताना पहिल्यांदा आपल्या बापाचं नाव लिहिलं आणि तुम्ही त्याच्यावर हसलात. बाप समोर बसलेला असताना."

आता कुणी हसत नव्हतं. गुरुजींनी माइकवाल्याला खूण केली. माइक बंद झाला. करुणेनं तो खाली ठेवला आणि आवाज चढवला.

"हे लग्न मी मोडतेय. मला या घरात जायचं नाही."

आयुष पायऱ्यांपाशी आला होता. "एवढ्यावरून? करुणा, वेडी झालीस का?"

"तू हसलास."

"अगं, सगळेच हसले."

"मला सगळ्यांशी लग्न नव्हतं करायचं," ती म्हणाली.

बयाबाई आत्या काहीतरी पुटपुटल्या. पाहुण्यांतले कुणी म्हणाले, पोरीच्या जातीला एवढा ताठा बरा नव्हे. तेव्हा पहिल्या रांगेतून शंकरराव उठले. त्यांचा इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "गुण वाढव म्हून मीच सांगितलं तिला," ते म्हणाले. "ताठा मोडला तो म्या. जिंदगीभर पत्रिका फाडल्या आन् म्हातारपणी हिला गुण वाढवाया लावलं. आता बोलायचं आसंल तर मला बोला." चांगुणाबाई आधीच चपला घालून दारात उभ्या होत्या.

करुणेनं तिसऱ्या रांगेत बघितलं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आपण बोललो ते त्या मुलीनं ऐकलं का, हेही तिला कळेना.

शिरूरच्या एसटी स्टँडवर, पाटसला जायला चौफुल्याच्या गाडीची वाट बघत बापलेक बाकावर बसले होते. मच्छिंद्रनं लेकीसाठी उसाचा रस आणला होता, तो तिच्या हातात तसाच होता. करुणेला बघून मच्छिंद्र उभे राहिले. मोठ्या घरचं माणूस आलं की उभं राहायचं, ही सवय.

"ताई, तुमी लई झ्याक बोलला म्हनं," ते म्हणाले. "मागनं आलेली पोरं समदं सांगत हुती. आमी तवर भाईर पडलो हुतो."

"बसा ना, मामा," करुणा म्हणाली आणि अनितापुढं खाली बसली. "अनिता, मी तुझी माफी मागायला आलेय."

"तुमी कशाला? तुमी न्हाई हसला. म्या बघितलं वरून."

"तरी पण."

अनितानं रसाचा ग्लास बाकावर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला आत्ता कुठं कळू लागलं होतं.

"तुमचे अठ्ठ्याऐंशी खोटे हुते, ह्ये तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली. "मग माझं नाव पुकारायच्या आधी का न्हाई सांगितलं?"

चांगुणाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. शंकररावही.

"मला वाटलं, माझी सुटका झाली," करुणा म्हणाली.

"झाली की," अनिता म्हणाली. "तुमच्यामागं मीच उभी हुते."